मऊ चाकं

म्हसरूळच्या पुढे, द्राक्षबागा संपतात तिथे
एका बिल्डरने आधी रस्ता केला.
घरं अजून नाहीत. कमान आहे, कमानीखाली
खुर्ची टाकून भोये काका आहेत,
आणि उतार आहे. उतार मात्र पूर्ण झालाय.

रविवारी साडेसहाला ओवेस येतो वडाळ्याहून,
पाठीला बोर्ड बांधून, थंडीने नाक लाल.
वय सतरा. मला मॅडम म्हणतो,
मी पडले की ताई.

मी सातपूरला, रबरी बुशी करणाऱ्या कारखान्यात
क्वालिटीला. चौदा वर्षं.
टेबलावर एक मीटर असतो, खिशातल्या घड्याळाएवढा,
खाली टाचणीसारखं टोक.
बुशीत दाबायचा, काटा थांबेल तो आकडा लिहायचा.
सत्तरच्या खाली, परत.
पंचाहत्तरच्या वर, परत.
गाडीतलं काहीही जागचं हलू नये
याचा मला पगार मिळतो.

त्यामुळे पहिली चाकं मी डब्याच्या सुट्टीत मोजली.
अठ्ठ्याहत्तर. मोठी, पिकल्या पपईच्या रंगाची,
कडा काटकोनात. मला बरं वाटलं,
रस्ता धरून ठेवतील.

ओवेसने नुसतं नख रोवलं.
"ही फिरायला. गंगापूर रोडला जा, मजा येईल.
घसरायचं तर ही सोडणार नाहीत,
आणि मग एकदम सोडतील."

मी ऐकलं नाही.
बोर्ड आडवा घातला, चाकं जागच्या जागी थांबली,
मी एकटी पुढे गेले.
कोपर, कंबर, हनुवटी, या क्रमाने.

उताणी पडून आठवत राहिले:
आपल्याकडे घसरणं कधी चांगलं असतं?
जीभ घसरते. लासलगावात कांदा घसरतो.
दहावीला माझे मार्क घसरले तेव्हा
काकूने पेढ्यांचा पुडा तसाच कपाटात ठेवला होता.
बाईचा पाय घसरला म्हणतात
तेव्हा पायाबद्दल कोणीच बोलत नसतं.
एक घसरगुंडी तेवढी सुटली,
तिलाही शेवटी वाळू लागते.

हातमोज्याखाली लावायच्या चकत्या
घरच्या भाजी चिरायच्या पाटातून कापल्या,
प्लास्टिकचा, पांढरा.
सुरीच्या रेघांत पालक अजून हिरवा आहे.

दुसरा सेट ओवेसचा, वापरलेला.
लहान, कडा गोल, वरची चकाकी केव्हाच गेलेली.
काटा त्र्याऐंशीवर थांबला.
आमच्याकडे लाल शिक्का.

"हळू जाल तर पडाल," तो म्हणतो.
"वेग येऊ द्या. बसा. हात टेका.
मागे रेलायचं नाही, भीती मागेच बसलेली असते.
मग पाय ढकला. दार ढकलतो तसे."
किती ढकलू?
"दार सांगेल."

सहा रविवार दाराने काही सांगितलं नाही.

सातव्याला आधी आवाज आला,
परातीत तांदूळ सरकावेत तसा.
मग कळलं, तो माझ्या पायाखालून येतोय.
बागा आडव्या झाल्या, घडांच्या कागदी पिशव्या,
रामशेजचा कातळ, कमान,
सगळं एका बाजूला वाहत गेलं
आणि मी त्याच्याबरोबर, न पडता,
न थांबता, कशालाच न धरता.
मग चाकांनी आपणहून रस्ता पुन्हा धरला.

ओवेसने पावलं मोजली. मी टेप काढला:
डांबरावर चार फिकट रेघा,
लांबात लांब दोन मीटर चाळीस.

भोये काका खुर्चीतून अर्धे उठले.
"पडली का बाई?"
नाही काका, घसरले!
आवाज जरा जास्तच मोठा निघाला.
ते पुन्हा बसले.

आता मागचं डावं चाक एका अंगाने सपाट झालंय.
उतारभर खडखडतं, कुत्री मागे लागतात.
चाक आडवं धरून ठेवलंस, ओवेस म्हणतो,
पूर्ण सोडलं नाहीस. बदल.

बदलीन. मीटरमध्ये अजून त्र्याऐंशीच येतंय.
द्राक्षं उतरेपर्यंत चालेल.